गरम रेग्युलेटर बसवल्यावर कॅरीओव्हर गेला का? काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या जीसीवर, म्हणजे नैसर्गिक वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, एक नमुना जड हायड्रोकार्बनांनी भरलेला असतो, तर लगेच पुढचा जवळजवळ निव्वळ मिथेन. या दुसऱ्या नमुन्यात पेंटेन आणि सी-6 प्लस (हेक्झेन आणि त्याहून जड घटक) जास्त दिसू लागले. आधीच्या नमुन्याचा अंश असा पुढच्यात येणं म्हणजेच कॅरीओव्हर. उष्मांकासाठी हे महागात पडतं, कारण तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनपेक्षा हेक्झेनचा उष्मांक जवळपास पावणेपाच पट असतो. म्हणून सॅम्पल लाइनवर गरम होणारा रेग्युलेटर (दाब उतरवणारं साधन), हीट ट्रेसिंग केलेली, म्हणजे बाहेरून सतत तापती ठेवलेली स्टीलची ट्यूब आणि डबल ब्लॉक अँड ब्लीड पद्धतीचा (दोन बंद व्हॉल्व्ह आणि मधला वायू बाहेर सोडणारी वाट असलेला) स्ट्रीम सिलेक्टर, म्हणजे कोणता नमुना आत जाईल ते निवडणारा व्हॉल्व्ह, बसवला. आता रोजच्या वापरात फरक स्पष्ट दिसतो, पण सगळं श्रेय रेग्युलेटरचं नाही.

दाब उतरला की वायू थंड होतो, दर बारला साधारण अर्धा अंश सेल्सिअस. 60 बारवरून 2 बारवर आणताना तापमान 25 ते 30 अंशांनी पडू शकतं. मग जड घटक डायफ्रामवर आणि नळीच्या भिंतीवर द्रवरूपात बसतात आणि पुढचा कोरडा वायू त्यांना हळूहळू उचलत राहतो. रेग्युलेटर आतून तापवल्यावर हे थांबलं. लाइन आम्ही हायड्रोकार्बन दवबिंदूच्या (ज्या तापमानाला जड घटक द्रवरूप होऊ लागतात त्याच्या) निदान 20 अंश वर ठेवतो. नमुन्याचा सिलिंडरच गार असेल तर मात्र लाइन कितीही तापवा, उपयोग शून्य. द्रव आतच खाली बसलेला असतो, त्यामुळे सिलिंडरही आधी तापवावा लागतो.

खरेदीआधी दोष कुठे आहे ते नक्की शोधा, हे मी आग्रहाने सांगेन. आधी व्हॉल्व्ह न फिरवता, म्हणजे काहीही इंजेक्ट न करता, नुसती मेथड, म्हणजे मोजणीचा ठरलेला कार्यक्रम, चालवा. तरीही पीक (आलेखावरचा घटकाचा उंचवटा) आलं तर आधीच्या रनचा, म्हणजे मोजणीचा, जड घटक कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीत, अडकलेला आहे. असं पीक शेजारच्या पिकांपेक्षा रुंद असतं, कारण ते जास्त वेळ कॉलममध्ये फिरलेलं असतं. तिथे बॅकफ्लशची (कॉलममधला प्रवाह उलटा करून जड घटक बाहेर काढण्याची) वेळ तपासा, रेग्युलेटरला हात लावू नका. त्यानंतर नमुन्याच्या जागी हीलियम जोडून लागोपाठ रन घ्या. कॅरियरही (नमुना कॉलममधून वाहून नेणारा वायू) हीलियमच असल्यामुळे टीसीडीवर, म्हणजे वायूच्या उष्णतावहनातला फरक टिपणाऱ्या डिटेक्टरवर, बेसलाइन जवळजवळ सपाट यायला हवी. पीक दर रनला कमी होत गेलं तर लाइनमध्ये, लूपमध्ये (ठरावीक मापाचा नमुना धरणाऱ्या नळीत) किंवा एखाद्या बंद कोपऱ्यात काहीतरी साचलंय. अजिबात कमी होत नसेल तर गळतीचा संशय घ्या: व्हॉल्व्हच्या आतल्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, ओरखडा पडलाय किंवा स्ट्रीम सिलेक्टर पूर्ण बंद होत नाहीये. मॉलिक्युलर सीव्हवर (ऑक्सिजन, नायट्रोजन वेगळे करणाऱ्या कॉलमवर) नायट्रोजनसोबत ऑक्सिजनही दिसला तर तो कॅरीओव्हर नव्हे, व्हेंटमधून किंवा एखाद्या फिटिंगमधून हवा आत येतेय.

आमच्याकडे पीक दर रनला उतरत होतं. गरम रेग्युलेटरने बराचसा फरक पडला, तरी थोडा कॅरीओव्हर राहिलाच. हीलियम थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी जोडल्यावर क्रोमॅटोग्राम स्वच्छ आला, म्हणजे लूप निर्दोष. लाइनवर बोट फिरवत गेल्यावर टी-जोडावरचा प्रेशर गेज सापडला. त्याच्या आतल्या वाकड्या नळीला एकच तोंड असतं, त्यामुळे पर्ज कितीही केलं, म्हणजे नवा वायू सोडून लाइन कितीही धुतली, तरी जुना वायू तिथे मुक्काम ठोकतो. गेज काढला, सिलिंडरजवळचा टेफ्लॉनच्या लवचिक नळीचा तुकडा बदलून स्टीलचा टाकला. टेफ्लॉन जड हायड्रोकार्बन शोषतो आणि सावकाश परत सोडतो. यानंतर हीलियमचा रन कोरा आला.

तक्रारीही आहेत. हीटर बंद पडला तर पॅनेलवर काही सूचना येत नाही. सकाळी हात लावून पाहावं लागतं, हे मला पटत नाही. तापायला बराच वेळ लागतो, त्यामुळे तातडीचा नमुना आला की चिडचिड होते. दर नमुन्याला पर्जचा वेळ द्यावाच लागतो, आणि पर्जनंतर प्रवाह बंद करून लूप वातावरणाच्या दाबाला येईपर्यंत थांबावंच लागतं.

हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन (गंधकयुक्त घटक) मोजत असाल तर या खरेदीवर भिस्त ठेवू नका. साध्या स्टीलवर ते चिकटतात, पहिल्या रनमध्ये कमी दिसतात आणि नंतरच्या नमुन्यात डोकावतात. त्यांच्यासाठी नळी, लूप आणि सिलिंडर आतून निष्क्रिय लेप दिलेलेच लागतात.