वाशीतील प्रवास कंपनीची ‘कार्बन भरपाई’ : ७०० रुपयांत नेमके काय मिळाले

मार्चमध्ये मुलीचे लंडनचे जाण्यायेण्याचे तिकीट काढताना वाशीतील एका प्रवास कंपनीने आम्हाला ‘कार्बन भरपाई’ घेण्याविषयी विचारले, म्हणजे विमानप्रवासाच्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पाची ‘क्रेडिट’ विकत घेणे. त्यांच्या हिशेबाने प्रवासाचे उत्सर्जन २ टन आणि दर टनाला ३५० रुपये होता. ऐरोलीला खाडीच्या खारफुटीशेजारी राहत असल्याने हा विषय मला जवळचा वाटतो, म्हणून पैसे मनापासून भरले.

काउंटरवरील तरुणीने अदबीने माहिती दिली, पावती लगेच मिळाली आणि दुसऱ्या दिवशी मेलवर हिरव्या पानांची नक्षी असलेले प्रमाणपत्र आले. त्यावर मुलीचे नाव आणि ‘२ टन’ एवढेच होते. प्रकल्पाचे नाव, वर्ष किंवा अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते. एक क्रेडिट म्हणजे टाळलेले किंवा शोषलेले एक टन कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन, आणि ते वापरले की क्रेडिटच्या नोंदवहीत कायमचे रद्द करावे लागते, नाहीतर तेच पुन्हा दुसऱ्याला विकता येते. अनुक्रमांक नसलेले प्रमाणपत्र घेणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेण्यासारखे आहे.

तीनदा विचारल्यावर, १७ दिवसांनी अनुक्रमांक मिळाले. नोंदवही सर्वांना खुली असल्याने मी स्वतः शोध घेतला. क्रेडिट खरी होती आणि रद्दही झाली होती, हे मान्य करायला हवे. परंतु रद्द केल्याची तारीख माझ्या तिसऱ्या मेलनंतरची होती. प्रकल्प पवनचक्क्यांचा आणि क्रेडिट २०१४ सालची. या पवनचक्क्या वीज विकून वर्षानुवर्षे चालत आहेत. माझे ७०० रुपये आले नसते तरी त्यांचे एकही पाते थांबले नसते.

कार्बन बाजाराच्या वादाचे मूळ इथेच आहे. क्योटो या हवामान करारातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत एचएफसी-२३ हा, शीतकरणाचा वायू बनवताना निघणारा आणि तापमान वाढवणारा वायू नष्ट करण्याच्या क्रेडिटवर कारखान्यांची इतकी कमाई होऊ लागली की त्यासाठीच उत्पादन वाढवले जात असल्याचे आरोप झाले, आणि युरोपीय संघाने २०१३ पासून ती क्रेडिट स्वीकारणे बंद केले. उलट युरोपातील २००५ पासूनच्या बाजारात उद्योगांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा असते व ती दरवर्षी कमी होत जाते, त्यामुळे तिथे किमतीला अर्थ राहतो. आपल्याकडे २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत मात्र उत्पादनाच्या प्रमाणात उत्सर्जनाचे लक्ष्य दिले जाते. उत्पादन वाढले तर एकूण उत्सर्जनही वाढू शकते. तरीही उद्योगांना कायद्याने बांधणाऱ्या या योजनेवर माझा प्रवाशाच्या ऐच्छिक क्रेडिटपेक्षा अधिक विश्वास आहे.

पुढील प्रमाणपत्रांवर प्रकल्प, वर्ष व अनुक्रमांक छापण्याचे व्यवस्थापकांनी मान्य केले. जुन्या पवनचक्क्यांच्या क्रेडिटला ‘भरपाई’ म्हणू नये, या विनंतीला अद्याप उत्तर आलेले नाही. पाचपैकी दोन तारे, तेही कर्मचाऱ्यांच्या वागणुकीसाठी.