‘सगळे यात आले’: व्हेसुव्हियसच्या वाटेवरची फसवणूक

वडापवाल्याने पन्हाळ्यापर्यंतचे दहा रुपये जादा मागितले, तर कोल्हापुरात पाच मिनिटे हुज्जत घालणारा मी, इटलीत मात्र एका अनोळखी माणसाच्या हातात ऐंशी युरो ठेवून मोकळा झालो.

रोममध्ये शिकत असताना एका शनिवारी मी आणि इचलकरंजीचा माझा वर्गमित्र व्हेसुव्हियस पाहायला निघालो. इसवी सन 79 मध्ये पाँपेई हे प्राचीन रोमन शहर गाडून टाकणारा आणि 1944 मध्ये शेवटचा उद्रेक झालेला हा ज्वालामुखी सुमारे 1281 मीटर उंच आहे. मोटाररस्ता साधारण 1000 मीटरपर्यंत जातो आणि पुढे विवराच्या कडेपर्यंत पायी चढावे लागते, एवढी माहिती आम्ही काढली होती. तिकिटाची तेवढी काढली नव्हती.

नेपल्सहून लोकल रेल्वेने पाँपेईच्या अवशेषांजवळच्या स्थानकावर उतरताच, गळ्यात ओळखपत्र आणि हातात नकाशा असलेला एक गृहस्थ सामोरा आला. सरकारी बस आज बंद आहे, आमच्या शेवटच्या गाडीत दोनच जागा उरल्या आहेत आणि माणशी 40 युरोंत सगळे यात आले, असे त्याने सांगितले. “प्रवेशाचे तिकीटही?” असे मी विचारलेही होते, त्यावर “सगळे, सगळे” म्हणत त्याने पावती फाडली. सहा महिने इटालियन शिकूनही ती न वाचता मी खिशात घातली, हा दोष माझाच.

वर प्रवेशद्वारावरील बाईंनी क्यूआर कोड मागितला, तेव्हा मी पावती पुढे केली. तिच्यावरील ‘अंदाता ए रितोर्नो’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी समजावले की, हे पैसे केवळ जाण्यायेण्याचे आहेत. प्रवेशाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, ते आधी ऑनलाइनच काढावे लागते आणि येथे तिकीटखिडकी नाही. दहा-बारा युरोंचे ते तिकीट काढू म्हटले, तर फोनला रेंज नव्हती. ती मिळाली तेव्हा त्या दिवशीच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या. चालकाने आपण फक्त गाडी चालवतो एवढेच सांगून हात झटकले. परतीपर्यंतचा दीड तास आम्ही वाहनतळावर काढला, आणि तेथे ‘पाँपेई’ अशी पाटी लावलेली सरकारी बस प्रवासी उतरवत होती. पन्हाळ्याचा काळा कातळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच आहे, तो बघायला कोणी अडवत तरी नाही, असे मित्र म्हणाला; तेव्हा मला हसू आले नाही.

खाली आलो, तर तो गृहस्थ नव्हता आणि पावतीवरचा क्रमांक लागत नव्हता. कार्डाने पैसे दिले असते, तर बँकेकडे निदान तक्रार करता आली असती. रोख रकमेचा काहीच माग राहिला नाही.

कोल्हापूरचा एक धाकटा मित्र येत्या सप्टेंबरात शिकायला तिकडेच चालला आहे. ‘अंदाता ए रितोर्नो’ या शब्दांखाली रेघ ओढून पावतीचे छायाचित्र मी त्याला पाठवले, आणि अधिकृत संकेतस्थळावरून काढलेले तिकीट फोनवर आल्याशिवाय गाडीसाठीही कोणाला पैसे देऊ नकोस, असे कळवले. “दादा, विवर कसे आहे?” असे त्याने विचारले. सुमारे 300 मीटर खोल आहे, असे मी सांगितले, तेही पुस्तकातले.