लॉस एंजेलिस काउंटीचे दोन तुरुंग: रांग की मनोरा?

दोन्ही एकाच रस्त्यावर, दोन्ही शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (अमेरिकेतल्या जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात. आणि आतले बरेच जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत, खटल्याची वाट बघताहेत.

‘मेन्स सेंट्रल जेल’ १९६३चं. लांबलचक बोळ, कडेला गजांच्या कोठड्यांची रांग. पुढून चालत गेल्याशिवाय पहारेकऱ्याला आतलं दिसत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात कोण कोणाला दमात घेतंय, हे कैद्यांनाच ठाऊक.

‘ट्विन टॉवर्स’ १९९७चं. मध्ये काचेची नियंत्रण खोली, भोवती कोठड्या आणि बसायचा हॉल. नजर सतत असते; एकांत मात्र विसरा. मानसिक आजारी कैदी इथे खूप, पण इमारत काही इस्पितळ म्हणून बांधलेली नव्हती.

निवडायचंच तर मी मनोरा निवडेन, निदान हाक मारली तर कोणाला दिसेन तरी.