बॉक्सिंगची जिम आणि प्रशिक्षक: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

चाळिशीत बॉक्सिंग शिकायला जाणाऱ्या माणसाला पदकाची आस नसते. त्याला दमसास वाढवायचा असतो, ठोसा नीट मारायला शिकायचे असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या अंबड भागातील कारखान्यात धडधाकट हजरही व्हायचे असते. म्हणून जिम निवडताना मी यंत्रसामग्रीपेक्षा प्रशिक्षकाकडे अधिक बारकाईने पाहिले आणि गेल्या पावसाळ्यापासूनच्या अनुभवानंतरही माझे मत तेच आहे.

गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत ज्या जागा मी पाहिल्या, त्या साधारण दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रकारात वातानुकूलित फिटनेस सेंटरच्या कोपऱ्यात ठोसे मारायच्या एक-दोन बॅगा टांगलेल्या असतात, मोठ्या आवाजात गाणी चालू असतात आणि घाम भरपूर निघतो. ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी खुशाल तेथे जावे, मात्र आपले पाय कोठे पडत आहेत हे तेथे कोणी पाहत नाही. दुसऱ्या प्रकारात पत्र्याची शेड, एक जुनी रिंग आणि जिल्हा स्पर्धेची तयारी करणारी शाळकरी मुले असतात. मी दुसरा प्रकार निवडला.

पैसे भरण्यापूर्वी पूर्ण एक बॅच बसून पाहू द्यावी, एवढीच माझी विनंती होती. एका ठिकाणी 'आधी नोंदणी, मग काय ते पाहा' असे उत्तर मिळाले, तेव्हा तेथूनच परतलो. सध्याच्या जिममधील सरांनी मात्र खुर्ची पुढे केली आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. शिक्षणाविषयी विचारल्यावर त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रमाणपत्र कोणतेही आढेवेढे न घेता दाखवले. अर्थात, प्रमाणपत्र असले म्हणजे शिकवता येतेच असे नाही, आणि चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असेही नाही.

खरी पारख हाताला पट्टी बांधण्यापासून सुरू होते. ही पट्टी १८० इंचांची, म्हणजे सुमारे साडेचार मीटर लांब असते. आमचे सर प्रत्येक नवख्याची मूठ हातात घेऊन मनगटाचा वेढा ओढून पाहतात आणि सैल वाटला तर सगळी पट्टी सोडून पुन्हा बांधायला लावतात. सुरुवातीला हा जाच वाटतो. परंतु ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर न बसता करंगळीकडे गेला, तर त्या बाजूचे तळहाताचे हाड मोडू शकते, हे त्यांनी माझ्याच हातावर बोट ठेवून दाखवले. पहिले काही आठवडे तर आरशासमोर उभे राहणे, पुढे-मागे सरकणे आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून हात हनुवटीशी परत आणणे एवढेच चालले. तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिटाची विश्रांती, पुन्हा घंटा.

पॅड, म्हणजे शिकणाऱ्याचे ठोसे झेलायला प्रशिक्षक हातात घालतो त्या गाद्या, धरण्यातही प्रशिक्षकाचा दर्जा कळतो. काही जण ठोशाकडे पॅड आपटतात, त्यामुळे फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि शिकणारा खूश होतो. आमचे सर पॅड चेहऱ्याच्या रेषेजवळ, शांतपणे धरतात आणि शिकणाऱ्याचा उजवा हात खाली आला की दुसऱ्या पॅडने हलकेच गालावर टपली देतात. गार्ड, म्हणजे चेहरा राखणारा हात, खाली आल्याचे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग स्पॅरिंगचा, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीचा आहे. जी जिम पहिल्याच महिन्यात नवख्याला रिंगमध्ये उतरवते, तिच्यापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे तो निर्णय सर घेतात, आणि १६ औंसांचे ग्लोव्हज, माउथगार्ड व हेडगार्ड असल्याशिवाय दोरी ओलांडू देत नाहीत. हेडगार्डमुळे भुवई फुटणे बहुधा टळते, पण मेंदूला बसणारा हादरा टळतोच असे नाही, हेही ते बजावतात. हिवाळ्यात एका कॉलेजच्या मुलाला हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, जोरात लागला. 'सर, मी ठीक आहे' असे तो म्हणत असतानाच सरांनी त्याचे ग्लोव्हज काढले, त्याला बाकावर बसवले, घरी फोन केला आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत स्पॅरिंग बंद, असे सांगितले. मुलगा चिडला, जिल्हा स्पर्धा जवळ आली होती. सरांनी मात्र आपला शब्द बदलला नाही.

तक्रारीही आहेत. संध्याकाळची बॅच अति भरलेली असते, त्यामुळे पॅडवर वाट्याला जेमतेम एक-दोन राउंड येतात. जिल्हा स्पर्धा जवळ आली की आम्हा प्रौढांकडे दुर्लक्ष होते, ते मला मान्य आहे, परंतु मग शुल्कातही तसा विचार व्हायला हवा. जिममधील सामायिक ग्लोव्हजना असा वास येतो की पहिल्याच महिन्यात स्वतःचे घ्यावेत. मुलींसाठी कपडे बदलायची खोली आहे, पण तिची कडी नीट लागत नाही आणि ती अनेकदा सांगूनही बदललेली नाही. शिवाय मार्चपासून पत्रा इतका तापतो की तिसऱ्या राउंडनंतर पाय उचलत नाहीत.

वर्षभराचे पैसे एकदम भरण्याचा आग्रह येथे नाही. मी तीन-तीन महिन्यांचे भरतो आणि शुल्क परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घेतो. आता सकाळची बॅच घेतली आहे. त्या वेळी शेड गार असते आणि पॅडसाठी सरांनाही सवड असते.