दिवाळीचं तिकीट: एसटीचं आरक्षण वेळेत धरलं तर सोनं

गर्दीच्या हंगामात एसटीच्या आगाऊ आरक्षणाला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण कापला तो जादा गाड्या उशिरा जाहीर होतात म्हणून.

एसटी सरकारी, म्हणून तिचा दर आधी ठरतो आणि सगळ्यांना दिसतो. 25 जानेवारी 2025 पासूनची 14.95 टक्के वाढही अशीच जाहीर झाली. खासगी ट्रॅव्हल्सवाले मात्र थांबतात. एसटीच्या जागा भरू देतात, मग रोज भाव चढवतात. 2018 च्या शासन निर्णयानुसार त्यांना तशाच एसटी सेवेच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं. म्हणजे एसटीचं तिकीट 600 रुपये असेल, तर मर्यादा 900. त्यामुळे एसटीने दर वाढवला की खासगीवाल्यांची कमाल मर्यादाही आपोआप वर सरकते, हे फार कुणाच्या लक्षात येत नाही.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जाण्याचं तिकीट तेव्हाच काढा, परतीचं त्याची तारीख उघडताच. भाऊबीजेनंतरचा रविवार सगळ्यात आधी भरतो. महिलांना 50 टक्के सवलत, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. पण वयाचं ओळखपत्र जवळ हवंच.

जागा हुकली तर लगेच खासगी तिकिटाला हात घालू नका. जादा गाड्यांची यादी आगारात विचारा. तरीही खासगीच घ्यावं लागलं आणि भाडं दीडपटीच्या वर गेलं, तर तिकिटाचा फोटो जोडून आरटीओकडे तक्रार करा.