फायलोड्स ट्यूमरचा अभ्यास: जुन्या फाइली की नवी नोंदवही?

स्तनाच्या दुर्मीळ गाठींवर प्रबंध लिहू पाहणारे एक-दोन विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे जवळजवळ सारखाच प्रश्न घेऊन येतात. फायलोड्स ट्यूमर हा विषय ठरलेला असतो, मार्गदर्शकांची संमतीही मिळालेली असते. अडते ते इतकेच, की रेकॉर्ड रूममधले मागील दहा-पंधरा वर्षांचे केसपेपर काढून अभ्यास करावा, की आजपासून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची ठरावीक नमुन्यात नोंद करत पुढे जावे. मी दोन्ही करून पाहिले आहे. पहिला मार्ग माझ्या एम.एस.च्या प्रबंधासाठी निवडला होता. दुसऱ्या मार्गावर गेली काही वर्षे, शेजारच्या दोन-तीन रुग्णालयांतील सहकाऱ्यांसोबत, चालतो आहे. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ असेल असे मी म्हणणार नाही, परंतु जुन्या फाइलींची बाजू मी हलकी लेखत नाही, कारण त्या बाजूचे मुद्दे खरोखरच वजनदार आहेत.

पहिला मुद्दा संख्येचा. स्तनाच्या सर्व गाठींत फायलोड्सचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि त्यातल्या बहुतांश गाठी बिनाइन (कर्करोग नसलेल्या) असतात. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये या गाठीला दिलेल्या नावात ‘सार्कोमा’ (एक प्रकारचा कर्करोग) हा शब्द होता. पुढे कित्येक पिढ्यांना त्या शब्दाने विनाकारण घाबरवले. सिंगापूरच्या अभ्यासगटाने १९९२ ते २०१० या काळातील ६०५ गाठींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांत मॅलिग्नंट (कर्करोगाच्या) गाठी अवघ्या ५४ निघाल्या. एवढ्या मोठ्या केंद्राला अठरा-एकोणीस वर्षांत ५४, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने तीन वर्षांच्या निवासी काळात किती रुग्णांची अपेक्षा धरावी? पेशींतील अटिपिया (विचित्र रूप), मायटोसिस (पेशींचे विभाजन), स्ट्रोमाची (आधार-ऊतीची) अतिवाढ आणि शस्त्रक्रियेच्या कडा (गाठीभोवती काढलेल्या निरोगी ऊतीची रुंदी) या चार गोष्टींवरून गाठ पुन्हा येण्याची शक्यता वर्तवणारा सिंगापूरचा नोमोग्राम (अंदाज काढण्याचा तक्ता) जुन्या नोंदींतूनच उभा राहिला. अमेरिकेतील अकरा संस्थांनी २००७ ते २०१७ या काळातील ५५० रुग्णांचा एकत्र अभ्यास केला, तोही मागे वळून पाहणाराच होता. या दोन अभ्यासांखेरीज आज आपण या गाठीबद्दल फारसे ठामपणे काही बोलू शकलो नसतो.

दुसरा मुद्दा असा की पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, टिकतो. पंधरा वर्षांपूर्वी एका पॅथॉलॉजिस्टने ‘बॉर्डरलाइन’ (बिनाइन आणि मॅलिग्नंट यांच्या मधली) म्हटलेली स्लाइड आज दोन जणांना, एकमेकांचे मत न कळू देता, नव्या निकषांवर पुन्हा वाचायला देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या वर्गीकरणात, इतर लक्षणे नसताना केवळ वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमासारखा (चरबीच्या ऊतीच्या सौम्य कर्करोगासारखा) भाग दिसला म्हणून गाठीला मॅलिग्नंट म्हणू नये असे स्पष्ट केले. जुन्या मालिका त्या कसोटीवर नव्याने लावणे ब्लॉकमुळेच शक्य होते. ‘मेड-१२’ या जनुकातील बदल फायब्रोअॅडेनोमा (स्तनातली नेहमी आढळणारी बिनाइन गाठ) आणि फायलोड्स या दोहोंत आढळतो, आणि दोघांच्या नात्याबद्दलची आपली समज त्यामुळे बदलली. असे काम करायला सोयीची सामग्री म्हणजे कपाटातले ब्लॉकच. त्यामुळे ज्यांचा प्रश्न ग्रेडिंगचा (गाठ बिनाइन, बॉर्डरलाइन की मॅलिग्नंट हे ठरवण्याचा) किंवा जनुकांचा आहे, त्यांनी नोंदवहीच्या नादी न लागता सरळ कपाट उघडावे असेच मी म्हणेन.

माझा प्रश्न मात्र कडांचा होता, आणि तिथेच माझे मत फिरले.

प्रबंधाच्या प्रोफॉर्मात (माहिती भरायच्या नमुन्यात) मी मोठ्या उत्साहाने एक रकाना आखला होता: ‘सर्वांत जवळची कड, मिलिमीटरमध्ये’. पहिल्या आठवड्यात वीस-बावीस फाइली पाहिल्या आणि तो रकाना जवळजवळ पूर्ण रिकामा राहिला. रिपोर्टात ‘कडा मोकळ्या’ एवढेच लिहिलेले असे, काही ठिकाणी तेवढेही नसे. कड ओळखण्यासाठी गाठीला शाई लावल्याचा उल्लेख क्वचितच सापडला. ऑपरेशन थिएटरमधून येताना वरची-बाहेरची बाजू ओळखण्यासाठी टाका घातला होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. एका रुग्णेची गाठ दोन तुकड्यांत आलेली होती, कारण बाटली लहान पडली होती. आता त्या गाठीची कड कोणती आणि कापल्यामुळे तयार झालेला पृष्ठभाग कोणता, हे कोण सांगणार? मी ब्लॉक मागवले. ते गाठीच्या मध्यभागाचे होते, तेही दहा-बारा सेंटिमीटरच्या गाठीतून दोन किंवा तीन. उरलेली ऊती नियमाप्रमाणे काही आठवड्यांतच नष्ट केलेली होती.

कडांची ही गोष्ट इतर उणिवांहून वेगळी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. वय चुकले असेल तर ते आधार कार्डावरून दुरुस्त होते, ग्रेड शंकास्पद असेल तर स्लाइड पुन्हा पाहता येते, फॉलो-अप तुटला असेल तर निदान फोन करून पाहता येतो. ग्रॉसिंगच्या (काढलेली गाठ मोजून-कापून तपासण्याच्या) टेबलावर ज्या दिवशी कड मोजली गेली नाही, त्या दिवसानंतर ती कधीच मोजता येत नाही. शेवटी मी इतरांनी केले तेच केले. ‘मोकळ्या’ आणि ‘मोकळ्या नाहीत’ असे दोन गट पाडले आणि कडांचा व गाठ परत येण्याचा संबंध आढळला नाही, असा निष्कर्ष लिहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारले की एक मिलिमीटर आणि वीस मिलिमीटर या दोन्ही कडा तुम्ही एकाच गटात का टाकल्या. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

यात केवळ प्रबंधाचे नुकसान असते तर मी एवढे लिहिले नसते. फायलोड्सच्या भोवती किमान एक सेंटिमीटर निरोगी ऊती काढावी, हा सल्ला आपण वर्षानुवर्षे दिला. अलीकडे बिनाइन गाठींसाठी हा आग्रह सैल होतो आहे, आणि वर उल्लेखलेल्या ५५० रुग्णांच्या अभ्यासानेही सर्वांना एकच मोजपट्टी लावू नये असेच सुचवले. तीस-पस्तीस वर्षांच्या, लहान स्तन असलेल्या तरुणीला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायचे की नाही, किती भाग काढायचा, नंतर त्या स्तनाचा आकार कसा राहील, हे सारे त्या मिलिमीटरच्या आकड्यावर अवलंबून असते. ज्या आकड्यावर इतके ठरते, तोच जुन्या फाइलींत नसावा, याची खंत मला आजही वाटते.

फॉलो-अपचीही एक अडचण आहे, आणि आपल्याकडे ती विशेष जाणवते. लग्नाआधी माहेरच्या गावी फायब्रोअॅडेनोमा म्हणून गाठ काढलेली मुलगी तीन वर्षांनी सासरच्या नावाने, दुसऱ्या जिल्ह्यात, परत आलेली गाठ घेऊन येते. रेकॉर्ड रूमच्या लेखी त्या दोन वेगळ्या रुग्णा असतात. शिवाय ज्यांची गाठ परत येते त्याच आपल्याकडे परत येतात. ज्या बऱ्या होतात त्यांच्या फाइली पहिल्या टाके काढण्याच्या भेटीवर संपतात. परिणामी जुन्या फाइलींतून काढलेले गाठ परत येण्याचे प्रमाण किती खरे मानावे, याबद्दल मी तरी थोडा सावधच राहतो.

निदानाच्या अभ्यासातही साधारण असाच पेच पडतो. कोअर बायोप्सीचा (जाड सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा) ‘फायब्रोएपिथेलियल लीजन, फायलोड्स नाकारता येत नाही’, म्हणजे फायब्रोअॅडेनोमा की फायलोड्स हे नक्की नाही, हा रिपोर्ट आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा रिपोर्टनंतर किती जणींना प्रत्यक्षात फायलोड्स निघाला, हे शस्त्रक्रियेच्या रजिस्टरवरून मोजले तर टक्केवारी फुगलेली येते, कारण ज्यांची गाठ न काढता सोनोग्राफीवर लक्ष ठेवले गेले त्या रुग्णा त्या रजिस्टरात नसतातच. कोअर बायोप्सीच्या दिवशीच नोंद सुरू केली तर हा भागाकार योग्य छेदाने होतो.

आता नोंदवहीचे दोष. संयम लागतो, आणि तो निवासी डॉक्टरांच्या वेळापत्रकात सहज बसत नाही. एथिक्स कमिटीसमोर जुन्या, ओळख पुसलेल्या नोंदींसाठी संमतीपत्रातून सूट मागता येते. पुढे जाणाऱ्या अभ्यासात प्रत्येक रुग्णेला मराठीतून नीट समजावून संमती घ्यावी लागते, आणि ते घाईत करू नये. आमच्या चार ठिकाणांची मिळून पहिल्या वर्षाची संख्या पाहून मी खरोखर खचलो होतो. त्या वेळी मला धीर आला तो अमेरिकेतील बार्थ व सहकाऱ्यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. बॉर्डरलाइन आणि मॅलिग्नंट फायलोड्समध्ये स्तन वाचवून, कडा मोकळ्या मिळवून, मग किरणोपचार द्यायचे, असा त्यांचा आराखडा होता. त्यांना रुग्ण मिळाले ४६, आणि ते तब्बल तीस रुग्णालयांत उपचार घेतलेले. म्हणजे सरासरीने एका रुग्णालयामागे दोन रुग्णही नाहीत. त्या ४६ जणांपैकी एकीलाही त्याच स्तनात गाठ परत आली नाही. फॉलो-अपचा मध्यांक ५६ महिन्यांचा होता. तुलनेसाठी किरणोपचार न दिलेला गट नव्हता, ही उणीव आहेच, आणि दोन रुग्णांचा दूर पसरलेल्या आजाराने मृत्यू झाला, हेही विसरता येत नाही. पण आधी ठरवून, एकाच पद्धतीने नोंदवलेले ४६ रुग्ण शेकडो अस्ताव्यस्त फाइलींपेक्षा स्पष्ट बोलतात, असे मला तरी वाटते.

निवड कशी करावी? हातात दीड वर्षाहून कमी वेळ उरला असेल तर जुन्या फाइलींकडेच वळावे लागेल, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र प्रश्न ग्रेडचा, वयाचा किंवा कोअर बायोप्सी व अंतिम रिपोर्ट यांच्या मेळाचा ठेवावा, कडांचा ठेवू नये. पहिल्या सहा महिन्यांतच विषय ठरत असेल, पॅथॉलॉजी विभागात एक उत्साही सहकारी असेल आणि शेजारची दोन रुग्णालये सोबत यायला तयार असतील, तर मी नोंदवहीच निवडेन. रुग्ण मोजकेच मिळाले तरी निवडेन. आपल्यानंतर येणारा विद्यार्थी तीच वही पुढे चालवू शकतो. माझ्या प्रबंधातल्या तक्त्यांचा तसा उपयोग पुढे कुणालाच झाला नाही.

आमचा नमुना एका पानाचा आहे, आणि तो मुद्दाम तेवढाच ठेवला आहे. त्यात माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, रुग्णेखेरीज घरातल्या आणखी दोघांचे फोन क्रमांक, आधी कधी गाठ काढली होती का आणि कोणत्या नावाने, कोअर बायोप्सीचे शब्द जसेच्या तसे, आणि गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे एक ब्लॉक घेतल्याची खूण असते. तळाशी सहा चौकोन आहेत: वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे. थिएटरमध्ये वरच्या बाजूला आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब टाका घातला जातो, गाठ अखंड आणि पुरेशा मोठ्या डब्यात जाते, आणि शाई लावून सहा आकडे भरल्याशिवाय पॅथॉलॉजीतले आमचे सहकारी ते पान परत पाठवत नाहीत.