रोप चढायला प्रुसिक की क्लेमहाईस्ट?

जुमार (दोराला पकडून वर सरकवायचं धातूचं साधन) जवळ नसताना दोर चढायचा तर कोणती गाठ मारावी, हे नवी मुलं दर हिवाळ्यात विचारतात. प्रुसिक आणि क्लेमहाईस्ट या दोन्ही गाठी कॉर्डच्या (बारीक दोरीच्या) लूपने मुख्य दोराभोवती मारतात; वजन पडलं की धरतात, काढलं की सरकवता येतात. मी दोन्ही बरीच वर्षं वापरल्यात, बहुतेक वेळा साध्या स्टॅटिक रोपवर (फारसा न ताणणाऱ्या दोरावर), ६ मिलिमीटरच्या कॉर्डने.

प्रुसिकला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ती गिर्यारोहकांपुढे मांडली, आणि आजही शिकवताना सुरुवात तिच्यापासूनच होते. ताण वरून येवो की खालून, ती धरते. घाबरलेल्या माणसाच्या हातून उलटी बसायची भीती नाही. वेढे एकमेकांवर चढले नाहीत एवढं पाहायचं.

पण लोणावळ्याजवळच्या नागफणीला ओव्हरहँगवरून (बाहेर झुकलेल्या कड्यावरून) उतरताना एकदा मला मधूनच परत वर यावं लागलं. पाय कातळाला टेकत नव्हते, एक प्रुसिक हार्नेसला (कंबर-मांड्यांच्या पट्ट्याला), दुसरी पायाच्या लूपला, त्यामुळे दर पावलाला अख्खं वजन एकीवरून दुसरीवर. वजन पडलं की ती अशी आवळते की नुसतं ढकलून हलत नाही. पायाच्या लूपमध्ये उभं राहायचं, हार्नेसच्या गाठीचा आडवा पदर अंगठ्याने मागे रेटायचा, वेढे सैल करायचे, मग कुठे ती वीतभर वर सरकते. तोवर मांडी थरथरायला लागलेली. दहा-बारा वेळा हे केल्यावर अंगठा नखापाशी ठणकू लागला, आणि निम्मा दोर अजून डोक्यावर होता. अंगातला जोर सगळा गाठ सोडवण्यातच गेला.

त्यानंतर चढण्यासाठी मी क्लेमहाईस्टकडे वळलो. लूपचे चार-पाच वेढे खालून वर घ्यायचे, खालचं टोक वरच्या फासातून काढून खाली ओढायचं. वजन काढलं की मुठीत धरून वर ढकलावी, वेढे लगेच सुटे होतात. कॉर्ड नसेल तर नायलॉनच्या टेप स्लिंगनेही (चपट्या पट्टीच्या लूपनेही) ती छान बसते. डायनीमाची (हा दुसरा कृत्रिम धागा) स्लिंग शक्यतो नको. ती निसरडी असते आणि नायलॉनपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळते.

क्लेमहाईस्टची खोट एकच, पण मोठी: ती एकाच दिशेला भरवशाची. सरावात एकाने उलटी मारली आणि वजन टाकताच सर्रकन खाली आला. जमिनीपासून दोनच फुटांवर होता म्हणून निभावलं. त्यामुळे ताण कुठून येईल याची खात्री नसेल तिथे मी आजही प्रुसिकच मारतो. सरळ वर चढायचं असेल तर, निदान माझ्या हातांना, क्लेमहाईस्ट मानवते. नवी कोरी कॉर्ड असेल तर एक वेढा जास्त घ्या, आणि जमिनीवरच पूर्ण वजन टाकून बघा. गाठ कुठलीही मारा, दर दोन-तीन मीटरवर खालच्या दोराला फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची गाठ) मारून ती कॅरॅबिनरने (उघडझाप होणाऱ्या कडीने) हार्नेसला अडकवत जा.